पाटीवर पॅचवर्क, मंचावर पल्प

बुधवार, 25 जून 2025

ब्रिस्टलहून कॅसल कॅरीला जाणारी गाडी एरवी निवांत असते म्हणे. आज मात्र दारात पाय ठेवायला जागा नव्हती. बाथ, वेस्टबरी, फ्रोम, ब्रुटन, प्रत्येक स्टेशनावर माणसं वाढतच होती. पाठीवर तंबू, काखेत घडीच्या खुर्च्या, आणि आभाळात ढगाचा ठिपका नसताना निम्म्या लोकांच्या सॅकला रबरी बूट लटकलेले. ग्लास्टनबरी हा इंग्लंडमधला मोठा संगीत फेस्टिव्हल, आणि त्याच्या चिखलाची दहशत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. यंदा तो दिसणार नव्हता. गवत आधीच पिवळं पडलं होतं.

भाची ब्रिस्टलला नोकरी करते. तिकिटं तिनंच काढली, गेल्या नोव्हेंबरात. आधी फोटोसकट नाव नोंदवायचं, मग ठरलेल्या रविवारी सकाळी कॉम्प्युटरच्या रांगेत उभं राहायचं. तिकीट 373 पौंड 50 पेन्स, वर 5 पौंड बुकिंगचे. 35 मिनिटांत सगळी संपली. पुण्यात मला मध्यरात्री नाही, भर दुपारी फोन आला: "मावशी, मिळाली! आता व्हिसाचं बघ."

कॅसल कॅरीहून फेस्टिव्हलच्या बस फुकट असतात. त्या आपल्याला ग्लास्टनबरी गावात सोडत नाहीत, कारण हा फेस्टिव्हल त्या गावात होतच नाही. तो होतो पिल्टन गावच्या वर्दी फार्मवर. मायकेल ईव्हिस हे तिथले दूधवाले शेतकरी. शेजारच्या शेप्टन मॅलेटला भरलेल्या बाथ फेस्टिव्हलमध्ये लेड झेपलिनला ऐकून त्यांच्या डोक्यात किडा शिरला आणि 19 सप्टेंबर 1970 ला त्यांनी आपल्या शेतावर पहिला जलसा भरवला. तिकीट एक पौंड, त्यात गोठ्यातलं दूध फुकट. दीड हजार लोक आले. जिमी हेंड्रिक्स आदल्याच दिवशी गेला होता. आज तिथे दोन लाखांहून जास्त माणसं येतात आणि कारभार मुख्यतः त्यांची मुलगी एमिली बघते. पण गाई अजून आहेत. फेस्टिव्हल संपला की कुरणं परत त्यांचीच.

गेटवर मनगटाला कापडी पट्टा बांधून घेतला आणि सामान ओढत पेनार्ड हिलच्या चढाला लागलो. तंबू ठोकायला जागा शोधण्यात तास गेला. सपाट जागा सकाळी आठला गेट उघडताच गेल्या होत्या. आम्हाला मिळाली ती उतारावर, पाय खालच्या बाजूला करून झोपायचं अशी. पण तिथून पुरी दरी दिसायची: हजारो रंगीत तंबू, त्यामधून गेलेले पत्र्याचे रस्ते, आणि खाली पिरॅमिड स्टेजचं, म्हणजे मुख्य मंचाचं, चकाकतं टोक.

रात्री त्या पिरॅमिडवर सर्कस होती. झुल्यांवरचे कसरतपटू, नंतर आतषबाजी. सुरुवात म्हणून छान.

गुरुवार, 26 जून

गुरुवारी मोठे मंच बंद असतात. हा दिवस पायांचा. आम्ही ग्रीन फील्ड्समध्ये भटकलो. तिथे कुणी लोहाराच्या भात्यावर खिळे घडवायला शिकवत होतं, कुणी लाकडी चमचे कोरत होतं. वर दगडांचं रिंगण आहे. बघणाऱ्याला वाटावं की हजारो वर्षांपूर्वीचं असेल, पण ते 1992 मधलं. तरी तिथे बसून दरीकडे बघताना ते नवं आहे हे मनाला पटत नाही.

प्यायच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत आणि 2019 पासून इथे प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी विकायला बंदी आहे. दोन लाख माणसांत ही बंदी खरंच पाळली जाते. आपल्याकडच्या जत्रांत हे का जमू नये, हा प्रश्न मी भाचीला दिवसभरात इतक्यांदा विचारला की शेवटी ती म्हणाली, "मावशी, तू परत गेलीस की कलेक्टरला पत्र लिही." लिहिणार आहे.

दुपारी गोव्याच्या फिश करीचा स्टॉल सापडला. नारळाचं दूध, आंबट, भात मोकळा. सॉमरसेटच्या उन्हात, पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसून ती करी खाताना शेजारची दोन इंग्रज पोरं "पॅचवर्क कोण?" यावर हमरीतुमरीवर आली होती.

हे पॅचवर्क म्हणजे यंदाच्या फेस्टिव्हलचं कोडं. छापील वेळापत्रकात शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला पिरॅमिड स्टेजसमोर हे नाव होतं. या नावाचा बँड कुणीच ऐकला नव्हता. म्हणजे कुणीतरी नामांकित, टोपणनावानं येणार. कुणी म्हणे हैम, कुणी आणखी काही. पण सगळ्यात जास्त पैजा पल्प या इंग्लिश बँडवर लागल्या होत्या, आणि त्याला कारणही होतं. 24 जून 1995 च्या शनिवारी पल्पनं याच शेतावर जे केलं, त्याला बरोबर तीस वर्षं होत होती. पल्पची मंडळी तर मुलाखतीत आमचं काही जमलेलं नाही असं सांगून मोकळी झाली होती. त्यामुळे पैजा कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या.

माझी पल्पशी ओळख मायकेल जॅक्सनमुळे झाली. 1996 च्या फेब्रुवारीत लंडनच्या ब्रिट ॲवॉर्ड्समध्ये जॅक्सनचं गाणं चालू असताना एक उंच, किडकिडा, चष्मिस माणूस मंचावर घुसला आणि त्या देवपणाच्या थाटाचा निषेध म्हणून पाठ वळवून हातवारे करून गेला. तो पल्पचा गायक जार्विस कॉकर. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला जॅक्सन मुंबईत अंधेरीला आला, तेव्हा आम्ही हॉस्टेलच्या पोरी त्या तिकिटांच्या किमती ऐकूनच गार झालो होतो. तेव्हा एका मैत्रिणीनं जुन्या बातमीची आठवण काढली आणि "हाच तो भांडखोर" म्हणून पल्पची एक कॅसेट हातात ठेवली. ती मी झिजेपर्यंत ऐकली. जॅक्सनवर माझं प्रेम होतं, आजही आहे. पण कॉकरच्या गाण्यात जी माणसं होती ती मला ओळखीची वाटायची: भिंतींचा रंग उडालेल्या खोल्या, वर्गातली न बोललेली मुलगी, बसमध्ये टिंगल होणारी पोरं.

भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. तिचा जन्म त्या कॅसेटनंतरचा.

रात्री शांग्री-ला भागात आझादी नावाच्या मंचावर गेलो. दक्षिण आशियाई घरांतून आलेल्या इंग्लंडमधल्या पोरांचा हा अड्डा. ढोल, बेस, मधेच एखादी जुन्या हिंदी गाण्याची ओळ. माझ्या वयाची एक गुजराती बाई लेकासोबत नाचत होती. आम्ही एकमेकींना बघून हात जोडले आणि नाचत राहिलो.

शुक्रवार, 27 जून

ऊन कडक. सकाळी भाची लॉर्ड या गायिकेच्या गुपचूप ठेवलेल्या कार्यक्रमासाठी वुडसीज मंचाकडे पळाली, मी पिरॅमिडवर सुपरग्रास ऐकायला गेले. दुपारी बर्निंग स्पिअर. ऐंशीचा माणूस, आणि त्याच्या आवाजाला घाई कसली ती माहीतच नाही. संध्याकाळी ॲलॅनिस मॉरिसेट. माझ्या आसपासच्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका तिचा शब्द न् शब्द ओरडत होत्या, मीही ओरडले.

रात्री 'द 1975' हा बँड. भाचीला आवडले. मला त्यांच्यात मन रमवता आलं नाही. वाजवतात फार सफाईनं, पण त्या सफाईपलीकडे माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. तंबूकडे परतताना चढावर भाचीनं विचारलं, "उद्या तुझा तो पल्प नसलाच तर?"

"तर पॅचवर्क ऐकू."

शनिवार, 28 जून

दुपारपासून पिरॅमिडच्या मैदानात ठाण मांडलं. हे मैदान मंचाकडे उतरत जातं, त्यामुळे मागच्यालाही दिसतं. आम्ही आवाजाच्या मनोऱ्याच्या थोडं पुढे, उजवीकडे जागा धरली. तिथे दोन्ही बाजूंच्या स्पीकरचा आवाज बरोबर मिळतो आणि वाऱ्याची झुळूक आली तरी शब्द उडून जात नाहीत. पुढच्या कठड्याजवळ मान मोडून उभं राहण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

आधी जॉन फॉगर्टी. गेल्याच महिन्यात त्याला ऐंशी पूर्ण झाली. क्रीडन्स क्लीअरवॉटर रिव्हायव्हलच्या काळातल्या स्वतःच्या गाण्यांचे हक्क मिळवायला या माणसाला पन्नास वर्षं झगडावं लागलं, ते मिळाले 2023 मध्ये. आता तो ती गाणी मालकासारखी गातो. वेस्ट होल्ट्स मंचाच्या बाजूला नीकॅप या बँडसाठी इतकी झुंबड उडाली होती की तिकडची वाट बंद केल्याचा निरोप फोनवर आला. आम्ही हललो नाही.

फॉगर्टी संपला तशी मैदानात उलटी हालचाल सुरू झाली. एरवी दोन कार्यक्रमांच्या मधे लोक पाणी प्यायला, मोरीकडे जायला पांगतात. इथे लोक चारी बाजूंनी आत येत होते. माझ्या शेजारी साठीचा एक गृहस्थ बायकोसोबत उभा होता. अंगात धुवून धुवून राखाडी झालेला पल्पचा टी-शर्ट. मी विचारलं, तर म्हणाला, पंच्याण्णवला होतो इथे.

त्या पंच्याण्णवची गोष्ट सांगायलाच हवी. शनिवार रात्रीचा मान द स्टोन रोझेसचा होता. त्यांच्या गिटारिस्टनं, जॉन स्क्वायरनं, सायकलवरून पडून खांद्याचं हाड मोडून घेतलं. ऐन वेळी पल्पला बोलावलं. पल्प म्हणजे कोण? शेफिल्डला शाळेत असताना 1978 मध्ये कॉकरनं काढलेला बँड. पंधराएक वर्षं त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. माणसं आली, गेली, रेकॉर्ड निघाल्या, पडल्या. मग 1995 च्या मे महिन्यात 'कॉमन पीपल' हे गाणं आलं आणि विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. महिनाभरात हे आमंत्रण. राहायला हॉटेलं शिल्लक नव्हती, म्हणून बँड तंबूत राहिला. तेव्हा तर पिरॅमिडही नव्हता. जुना, जो वर्षभर गोठा म्हणून वापरात असायचा, 1994 मध्ये जळून गेला होता आणि आजचा पोलादी पिरॅमिड 2000 मध्ये उभा राहिला. तात्पुरत्या मंचावर, दुसऱ्यासाठी जमलेल्या लोकांसमोर, आयुष्यभर हुकलेल्या या मंडळींनी मैदान मारलं. त्यानंतर 1998 मध्ये ते इथे रीतसर मुख्य मानकरी म्हणून आले, 2011 मध्ये पार्क स्टेजवर असेच न सांगता. पण नाव निघतं ते पंच्याण्णवचंच.

एवढं सगळं डोक्यात असूनही माझ्या मनात धाकधूक होती. पुन्हा एकत्र आलेल्या बँडचे कार्यक्रम मी पाहिले आहेत. बहुतेक वेळा ती आठवणींची वसुली असते. लोकांना तरुणपण परत हवं असतं, बँडला पैसे हवे असतात, आणि दोघंही एकमेकांना सांभाळून घेतात. कॉकर आता 61 वर्षांचा. बासवादक स्टीव्ह मॅकी 2023 च्या मार्चमध्ये गेला. 2001 नंतर थेट या महिन्यात, चोवीस वर्षांनी, त्यांचा नवा अल्बम आला. मी मनाशी ठरवलं होतं: चार जुनी गाणी नीट म्हटली तरी खूश व्हायचं.

सव्वासहा. ऊन अजून तिरपं, अंगावर. पहिले सूर आले आणि टी-शर्टवाल्या गृहस्थानं बायकोचा हात असा घट्ट धरला की ती "अगं आई" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. पल्पच होता.

सुरुवातीचं गाणं मुद्दाम निवडलेलं. शेतात जमलेल्या हजारो लोकांच्या नशेतल्या रात्रीबद्दलचं, आणि सकाळी घरी कसं जायचं या भीतीबद्दलचं. हे गाणं त्यांनी पहिल्यांदा वाजवलं ते याच शेतावर, पंच्याण्णवला. त्याचं मूळ आणखी मागे आहे. 1990 मध्ये मर्सी नदीकाठच्या स्पाइक आयलंडवर स्टोन रोझेसचा मोठा जलसा झाला. तिथे जाऊन आलेली एक मुलगी कॉकरला भेटली. तिला त्या दिवसातलं एवढंच आठवत होतं की गर्दीत काही लोक नशेच्या मालाबद्दल एकच वाक्य विचारत फिरत होते. त्या वाक्यावर हे गाणं उभं राहिलं. ज्या स्टोन रोझेसची जागा पल्पला मिळाली, त्यांच्याच जलशातून. आणि नव्या अल्बममधल्या एका गाण्याचं नाव आहे 'स्पाइक आयलंड'. तेही आज वाजलं.

दुसरं 'डिस्को 2000'. इथे मैदान सुटलं. धृपदाला हजारो माणसं एकदम उडाली आणि पायाखालची जमीन हादरली, हे मी तळव्यांनी अनुभवलं. गवत वाळलेलं, त्यामुळे धूळ उठली. ती तिरप्या उन्हात कमरेएवढ्या उंचीवर पसरली. भाचीनं ओढणी तोंडाला बांधली, तरी उड्या मारायची थांबली नाही. तिला शब्द येत नव्हते. दुसऱ्या कडव्यापर्यंत धृपद आलं.

आता कॉकरबद्दल. तो धावत नाही. म्हणजे मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दौडणारे गायक मी या चार दिवसांत पाहिले, त्यातला तो नव्हे. त्याचा जोम बोटांत आहे, कोपरांत आहे, गुडघ्यात आहे. लांबलचक हात वर जातो, मनगट वळतं, तर्जनी एका शब्दावर नेमकी टेकते आणि तो शब्द मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातो. एका ओळीला तो कुजबुजतो, पुढच्या ओळीला लाथ झाडतो. गाण्याच्या मधे बोलतो, बोलता बोलता गाण्यात शिरतो, आणि कुठे बोलणं संपलं ते कळत नाही.

मला आठवले ते आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरातले कीर्तनकार. सत्तरीचे, अंगानं काटकुळे. पूर्वरंग सावकाश, घरगुती बोलत मांडायचे. मग उत्तररंगात आख्यान लागलं की टाळ-मृदंगाची लय चढायची आणि त्या काटकुळ्या देहात एवढं बळ कुठून येतं कळायचं नाही. ते बळ कथेचं असायचं. पुढे काय झालं हे सांगायची त्यांना स्वतःलाच निकड असायची. कॉकरमध्ये मी तीच निकड पाहिली. साठी ओलांडलेला माणूस तरण्यासारखा नाचतो याचं कौतुक वर्तमानपत्रं करतील, करू देत. मला जे दिसलं ते वेगळं होतं: तीस वर्षं म्हटलेली ओळ आज पहिल्यांदा सांगायची आहे, अशी सांगणं. त्याला शरीर आपोआप साथ देतं.

आणि तो एकटा नव्हता. पडद्यावर मधूनमधून कँडिडा डॉयल दिसायची, कीबोर्डच्या मागे. हिला सोळाव्या वर्षापासून संधिवात आहे. पल्पचे ते सगळे सूर, ज्यांच्याशिवाय ही गाणी उभी राहत नाहीत, या बोटांतून चाळीस वर्षं येत आहेत. कॅमेरा एकदा तिच्या हातांवर थांबला. मनगट उचलून, बोटं सपाट ठेवून ती स्वर दाबत होती, एकही उशिरा नाही. निक बँक्सचा ड्रम जड आणि सरळ. (इंग्लंडला 1966 चा विश्वचषक मिळवून देणाऱ्या गोलकीपर गॉर्डन बँक्सचा हा पुतण्या, हे मला फार आवडतं.) गिटारवर मार्क वेबर, जो आधी पल्पच्या चाहत्यांचा क्लब चालवायचा आणि पंच्याण्णवला बँडमध्ये आला. चाहता म्हणून आलेला माणूस तीस वर्षांनी त्याच शेतावर उभा होता. सोबतीला नवे साथीदार होते आणि त्यांच्यामुळे आवाज भरीव झाला होता.

नव्या अल्बममधली गाणी आली तेव्हा लोक बिअर आणायला जातील असं मला वाटलं होतं. गेले नाहीत. प्रेमाची गरज सांगणारं नवं गाणं तर डिस्कोच्या ठेक्यावर इतकं चढत गेलं की भाची मला म्हणाली, "हे जुनं आहे ना?" तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या अल्बममधलं होतं. बँड जिवंत आहे की नाही याची माझ्या लेखी हीच परीक्षा.

शेवटी 'कॉमन पीपल'. एक श्रीमंत ग्रीक मुलगी लंडनच्या कला महाविद्यालयात शिकायला येते आणि तिला सामान्य माणसांसारखं जगून बघायचं असतं. गाणारा तिला सुपरमार्केटात घेऊन जातो. गंमतीत सुरू होतं, मग लय वाढत जाते आणि गमतीचा राग होतो: भिंतीवरून झुरळं पळताना तुला आवडेना झालं तर बापाला एक फोन केलास की सुटशील, आम्हाला तो फोन नाही. धारावीत फेरी मारून फोटो काढणाऱ्यांना मी पाहिलं आहे. हे गाणं मला कधी परकं वाटलं नाही.

लय वाढू लागली तसं आख्खं मैदान गाऊ लागलं. आमच्या मागच्या उतारावरूनही आवाज येत होता, मंचावरून येणाऱ्या आवाजाच्या क्षणभर मागे, त्यामुळे आपण दोन्हीच्या मधे उभे आहोत असं वाटायचं. आणि त्याच वेळी डोक्यावरून गडगडाट करत रेड ॲरोज गेली. ब्रिटिश हवाई दलाची ती कवायती विमानं. सैन्यदल दिनाच्या निमित्तानं त्यांचं उड्डाण होतं. सामान्य माणसांच्या संतापाचं गाणं खाली आणि राजेशाही विमानं वर! शेजारचा गृहस्थ दोन्ही मुठी वर करून विमानांकडे बघत तीच ओळ ओरडत होता. बायको रडत होती आणि हसत होती.

संपल्यावर लोक जागचे हलेनात. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, पंच्याण्णवला मी घरी होते, पहिल्या मुलीच्या वेळी सात महिन्यांची, याला एकट्याला पाठवलं होतं. तीस वर्षं याच्या तोंडून ऐकत आलेय. आज माझं मी पाहिलं.

त्यानंतर रे ही गायिका आली. तिचा आवाज किती मोठा आहे! पण माझ्यात जागा उरली नव्हती. रात्री भाची अदर स्टेजकडे चार्ली एक्ससीएक्ससाठी गेली आणि मी नील यंगसाठी पिरॅमिडलाच थांबले. ७९ वर्षांचा तो माणूस, विस्कटलेली गिटार, एकेका स्वराला हवा तेवढा वेळ. आजचा दिवस म्हाताऱ्यांचा होता.

रविवार, 29 जून

उशिरा उठलो. तंबूत सकाळी आठनंतर झोपणं अशक्य, भट्टी होते. सावलीत सतरंजी टाकून पडलो. कॉफीच्या रांगेत, नळावर, सगळीकडे कालचाच विषय. दिवसाचं वेळापत्रक कुणी विचारत नव्हतं.

दुपारी रॉड स्ट्युअर्ट, हाही ऐंशीचा. लोक मजेत होते. मला कार्यक्रम चमकदार वाटला, आत शिरला नाही.

रात्री ऑलिव्हिया रॉड्रिगो. भाची जिच्यासाठी आली होती ती. 22 वर्षांची पोरगी, आणि तिनं मधेच द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथला मंचावर बोलावलं. दोघांनी मिळून त्याची दोन गाणी म्हटली. स्मिथचं नाव ऐकून मी किंचाळले आणि भाचीनं पहिल्यांदा माझ्याकडे काळजीनं पाहिलं. ऑलिव्हियाच्या स्वतःच्या गाण्यांना भाची आणि तिच्या वयाच्या हजारो मुली ओक्साबोक्शी रडत गात होत्या. मी मुद्दाम ऑलिव्हियाच्या शब्दांकडे लक्ष दिलं. तीही सांगते. तिलाही घाई आहे सांगायची. कालच्या माणसाइतकं तिला अजून थांबता येत नाही, कुजबुजता येत नाही. ते येईल.

सोमवार, 30 जून

पहाटेच तंबू मोडला. आपला कचरा आपण पिशवीत भरून ठरलेल्या जागी ठेवायचा. बसच्या रांगेत ऊन चढेपर्यंत उभे राहिलो. 2026 मध्ये इथे फेस्टिव्हल नाही. दर काही वर्षांनी जमिनीला असं एक वर्ष मोकळं देतात, गवत भरून यावं म्हणून. त्यामुळे रांगेत प्रत्येक जण 2027 चं बोलत होता.

गाडीत बसायला जागा मिळाली. भाचीनं कानात इअरफोनचं एक बोंडूक घातलं, दुसरं मला दिलं आणि पल्पचा 1995 चा अल्बम पहिल्यापासून लावला. वेस्टबरीपर्यंत काही बोलली नाही. मग विचारलं, "'डिस्को 2000' मधली शाळेतली ती मुलगी, जिच्याशी याचं लग्न व्हायचं राहिलं, ती खरी होती का?"

खरी होती, मी म्हटलं. आणि मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगायला लागले. बाथ गेलं तरी संपलं नव्हतं. पल्प 25 जुलैला शेफिल्डमध्ये, घरच्या मैदानावर, ट्रॅमलाइन्स फेस्टिव्हलला वाजवणार आहे. तोवर मी पुण्यात असेन. भाचीनं फोन काढून ब्रिस्टल ते शेफिल्ड गाड्या बघायला सुरुवात केली होती.